वीतभर हवा

मत्स्यालयाच्या गोड्या पाण्याच्या विभागात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे वीतमावशी. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. नावाचा त्यांना राग नव्हता. राग याचा होता, की ज्या गोष्टीपायी हे नाव पडलं ती गोष्ट एकतीस वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

गोष्ट म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हे. विभागाच्या टोकाला सगळ्यांत मोठी टाकी होती आणि तिच्यात गार नावाच्या जातीचा एक मासा होता. लांबीला चांगला माणसाएवढा, रंगाने भिजलेल्या लाकडासारखा, अंगावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे टणक खवले, पुढे लांबच लांब चपटं तोंड आणि त्यात दातांच्या ओळी. एवढा सगळा जामानिमा असून हा प्राणी दिवसभर करायचा काय, तर काही नाही. पाण्यात आडवा पडून राहायचा. म्हणून त्याला सगळे ओंडका म्हणत. बघायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक काचेवर टकटक करून तो प्लॅस्टिकचा असल्याचा निकाल देत. उरलेल्यांतला एखादा पाटीवरचं नाव वाचून विचारी, की मावशी, याला गरम पाण्यात ठेवलं तर काय म्हणायचं. हा विनोद मावशींनी दिवसाला सरासरी चार वेळा ऐकला होता, आणि करणारा दर वेळी आपणच तो शोधून काढल्याच्या थाटात बायकोकडे बघे.

तर हा ओंडका थोड्या थोड्या वेळाने सावकाश वर यायचा, तोंडाचं टोक पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि कल्ल्यांतून चार बुडबुडे सोडत पुन्हा खाली जायचा. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते आणि ती तो फुप्फुसासारखी वापरतो. कल्ले त्याला आहेत, पण पाणी कोमट झालं की नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. वर यायला मिळालं नाही तर तो बुडून मरतो. मासा बुडून मरतो असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसे आणि मग मावशींच्या तब्येतीची चौकशी करी.

म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही, हा मावशींचा नियम. टाकीच्या तोंडावर चौकटीची एक लोखंडी पट्टी आडवी गेली होती. मावशी रोज सकाळी तीन पायऱ्यांच्या शिडीवर चढत, झाकण उघडत, करंगळी त्या पट्टीला टेकवून पंजा ताणत आणि आंगठा खाली सोडत. रात्रीतून पाणी थोडं उडून गेलेलं असे. आंगठ्याच्या टोकाला पाणी लागेपर्यंत ते नळीने भरायचं आणि लागलं की नळी बंद. वीतभर हवा. एवढं झालं की हात अॅप्रनला पुसायचा आणि पुढच्या टाकीकडे जायचं.

हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील नदीच्या जुन्या फाट्यावर मासे धरत. नदीने कधीकाळी वाट बदलली होती आणि मागे सोडलेल्या त्या वळणात पाणी जवळजवळ वाहतच नसे. तळाशी गुडघाभर गाळ, कडेला दाट लव्हाळं, वर झाडांची सावली. उन्हाळ्यात पाणी इतकं कोमट होई, की बाकीचे मासे पोटं वर करून तरंगू लागत. गार मात्र मजेत असत. लव्हाळ्याच्या आडोशाला निपचित पडायचं, जवळून एखादा लहान मासा गेला की मान वळवल्यासारखं करून त्याला आडवा धरायचा, आणि अधूनमधून वर येऊन हवा घ्यायची. पुराचं पाणी काठच्या गवतात शिरलं की ते त्या बुडालेल्या गवतात अंडी घालायला येत. हिरवट अंडी पात्यांना चिकटलेली दिसत आणि वडील दर वर्षी बजावत, की ती विषारी असतात, खायची नाहीत, कोंबड्यांनाही घालायची नाहीत.

मावशी नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी एका सकाळी पाण्यात ठेवलेलं जाळं ओढलं, तर त्यात एक भलामोठा गार गुंतला होता. अंगावर ओरखडा नाही, आणि मेलेला. मुलीने विचारलं, कशाने मेला. वडील जाळं सोडवत म्हणाले, "बुडाला. जाळ्याने धरून ठेवला, वर येता आलं नाही त्याला." वडील थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. मुलीच्या मनात ती गोष्ट कायमची बसली.

पुढे वर कुठेतरी बांध झाला, फाट्याचं पाणी तुटलं आणि भर घालून तिथे गोदामं उभी राहिली. आटत्या फाट्यातून मत्स्यालयाच्या लोकांनी जे चार जीव उचलून आणले त्यांत हातभर लांबीचा हा ओंडका होता. त्याच वर्षी मावशी इथे टाक्या धुवायला लागल्या. फाट्याची आता जगात दोनच माणसं उरली आहेत, एक मी आणि एक हा, असं त्या म्हणत, आणि यात त्यांना काही विनोदी वाटत नसे.

आता साहेबांकडे वळू. मत्स्यालयाचे हे साहेब नऊ वर्षांपूर्वी आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा जीव तक्त्यांत अडकलेला होता. प्रत्येक टाकीला रोजचा एक नोंदतक्ता. त्यात तापमानाचा रकाना, क्षारांचा रकाना, प्रकाशाचा, खाद्याचा, काच पुसल्याचा आणि शेवटी शेरा. हवेला रकाना नाही. मावशींनी पहिल्याच आठवड्यात जाऊन सांगितलं, की हवेचा रकाना घाला, नाहीतर मी नसेन त्या दिवशी कुणीतरी टाकी काठोकाठ भरून ठेवील. साहेबांनी विचारलं, किती हवा. मावशी म्हणाल्या, वीतभर. साहेबांनी विचारलं, म्हणजे किती सेंटिमीटर. मावशींनी हात पुढे करून दाखवला. साहेबांनी हाताकडे पाहिलं आणि तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.

तेव्हापासून मावशी शेऱ्याच्या जागेत रोज लिहीत, 'वीतभर हवा ठेवली.' आणि महिनाअखेरीला साहेब त्याच्याभोवती लाल गोल काढून लिहीत, 'परिमाण लिहावे.' नऊ वर्षं. एकशे आठ लाल गोल. वीत हे परिमाणच आहे, असं मावशींचं म्हणणं. कुणाची वीत, असं साहेबांचं म्हणणं. माझी, आणखी कुणाची, या मावशींच्या उत्तरावर चर्चा संपत असे. एकदा पट्टी लावून आकडा देऊन टाकला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण जी गोष्ट आपण वडिलांच्या जाळ्यातून शिकलो ती या कालच्या माणसाला पट्टीने मोजून द्यायची, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांनी हट्ट धरला आणि तो नऊ वर्षं सोडला नाही.

निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. अशा माशांना चांगलं पन्नास वर्षांचं आयुष्य असतं. म्हणजे आपली नोकरी संपत असली तरी ओंडक्याची अजून वीसेक वर्षं शिल्लक आहेत, आणि आपण गेल्यावर वीत घालायला इथे कुणी नाही. ज्या दिवशी कुणीतरी उत्साही माणूस काच छान दिसावी म्हणून पाणी वरपर्यंत भरील, त्या दिवशी तो जाळ्यातल्या गारासारखा गप्प मरून जाईल. त्याचा रकाना नाही म्हणून तक्त्यात त्याची नोंदही होणार नाही.

आणि त्यांच्या जागी आला कोण, तर खाऱ्या पाण्याच्या विभागातला एक माणूस. वय पंचेचाळीसच्या पुढे, केसांचा भांग पट्टीने पाडल्यासारखा, खिशात खरोखरच स्टीलची पट्टी. त्याला सगळे खारेभाऊ म्हणत. समुद्राच्या माशांबरोबर वीस वर्षं काढल्यामुळे त्याला सगळं मोजून करायची सवय होती. बादली अर्धी भरली असं तो म्हणत नसे, साडेसहा लिटर म्हणे. तो कधी आवाज चढवत नसे, आणि त्यामुळे मावशींना त्याच्याशी धड भांडताही येईना. पहिल्या दिवशी मावशींनी त्याला शिडीवर चढवून वीत दाखवली. त्याने शांतपणे पट्टी काढली, पाण्यापासून लोखंडापर्यंत लावली आणि वहीत लिहिलं, सतरा. मावशी म्हणाल्या, ती पट्टी खिशात ठेवा, इथे हाताने काम चालतं. त्याने पट्टी खिशात ठेवली, पण वही ठेवली नाही.

नेमका त्याच दिवसांत ओंडका बिघडला. खरं म्हणजे बिघाड जुना होता. गेल्या वर्षभरात त्याच्या तोंडाच्या टोकावरची कातडी सोलत चालली होती. आता तिथे रुपयाएवढी लाल जखम दिसायला लागली. टाकलेले मासे तो तसेच सोडून द्यायला लागला. सगळ्यांत वाईट म्हणजे तो हवेला यायचाच टाळू लागला. निम्म्यात येई, थांबे आणि परत फिरे. फारच अडलं की एकदम उसळून येई, पट्टीवर तोंड आपटे आणि बाहेर पाणी उडवून खाली जाई.

डॉक्टर आले, म्हणजे मत्स्यालयाचे माशांचे डॉक्टर. त्यांनी जंतू असतील म्हणून पाण्यात औषध टाकायला सांगितलं. जखम तशीच राहिली. मावशींनी आधी डॉक्टरांना धारेवर धरलं. मग चार वर्षांपूर्वी बदललेल्या झाकणाला शिव्या घातल्या, जरी लोखंडी पट्टी जुनीच होती. मग खाद्य पुरवणाऱ्याकडे मोर्चा वळवला. शेवटी खारेभाऊंच्या बादल्यांवर संशय घेऊन झाला, की तिकडचं खारट पाणी इकडे आणता तुम्ही. खारेभाऊंनी सगळ्या बादल्या त्यांच्यासमोर तीन तीनदा धुतल्या. मासा काही बरा होईना.

निवृत्तीला आठ दिवस असताना खारेभाऊ टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, नळाच्या पाइपाआड, जिथे कुणाचा स्पंज कधी पोचत नाही तिथे आरसा आणि विजेरी लावून काहीतरी बघत बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी मावशींना बोलावलं. काचेवर पाण्यातल्या क्षारांच्या पांढऱ्या रेघा होत्या. एक आजच्या पाण्याच्या पातळीवर, दाट. तिच्या खाली पाण्यात बुडालेली दुसरी, जरा फिकी. तिच्या खाली आणखी एक. अशा पाच. पाणी वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं की काचेवर अशी रेघ धरते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मावशी," खारेभाऊ म्हणाले, "सगळ्यांत खालची रेघ आहे ना, तिथून लोखंडी पट्टीपर्यंत एकवीस भरतं. आज सतरा आहे. पाणी कुणी वाढवलं?"

मावशींचा पारा चढला. पाणी कोण वाढवणार, टाकीला आपल्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, सुट्टी घेतली तरी सकाळी येऊन पाणी बघूनच घरी गेले, आणि माझी वीत एकतीस वर्षं तीच आहे, असं त्यांनी एका दमात सुनावलं.  खारेभाऊंची नजर फक्त क्षणभर मावशींच्या उजव्या हाताकडे गेली. मावशींनी हात अॅप्रनच्या खिशात घातला.

त्या हाताचा आंगठा गेली सात-आठ वर्षं दुखत होता. बुडाशी गाठ आली होती. सकाळी पंजा ताणताना अशी कळ जाई, की शिडीवर डोळे मिटावे लागत. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उरलेली वर्षं तिकीटखिडकीत बसवलं असतं, आणि तिथे बसून लोकांना आत सोडण्यापेक्षा आंगठा दुखलेला त्यांना परवडत होता.

घरी आल्या त्या धुसफुसतच. त्यांचे यजमान शिंपी होते, गिऱ्हाइकांचे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन आणि कापायचं टेबल. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि आज कुणाची पाळी होती असं विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं. रेघा, पट्टी, सतरा, एकवीस, आणि तो खारट माणूस माझ्या हाताकडे बघतो.

मास्तरांनाही या विषयावर जुना राग होता. लग्न झाल्यापासून ते सांगत आले होते, की वीत म्हणजे माप नव्हे, वीत म्हणजे अंदाज. गिऱ्हाईक म्हणालं बाही वीतभर ठेवा, तर मी कुणाच्या वितीने कापू. आज मात्र हे ऐकून घ्यायला मावशींना सवड नव्हती. त्यांनी टेबलावर पंजा पसरला आणि म्हणाल्या, घ्या माप, एकदाचं सगळ्यांच्या तोंडावर फेकते.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि करंगळीपासून आंगठ्यापर्यंत लावली. सतरा, तेही ओढूनताणून. मावशी म्हणाल्या, नीट धरा. त्यांनी नीट धरली. मावशींनी पंजा आणखी ताणला, डोळ्यांत पाणी आलं, तरी सतरा. टेप आखडली असेल, असं मावशी म्हणाल्या. चाळीस वर्षांत मास्तरांच्या टेपेवर हा आरोप कुणी केला नव्हता. पण त्यांनी वाद घातला नाही. ते उठले आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले कागदी नमुने चाळू लागले. तीस-पस्तीस वर्षांचे नमुने होते ते, गिऱ्हाइकांच्या कॉलरी, खिसे, बाह्या. सगळ्यांत आतून त्यांनी एक खाकी कागद काढला.

मावशी नोकरीला लागल्या त्या महिन्यात ओंडक्याच्या खवल्यांनी त्यांचा हात कापला होता. त्या खवल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. तेव्हा मास्तरांनी जाड कॅनव्हासचा कोपरापर्यंतचा हातमोजा शिवून दिला होता, आणि त्यासाठी बायकोचा हात बोटं फाकवून या कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारली होती. मोजा कधीच फाटून गेला. कागद मास्तरांनी ठेवला होता, कारण ते कुठलाच नमुना टाकत नसत.

त्यांनी कागद टेबलावर पसरला. मावशींनी त्यावर हात ठेवला. करंगळी करंगळीला लावली आणि आंगठा ताणला. पेन्सिलीचा आंगठा बराच पुढे होता. मधे दोन बोटांची जागा मोकळी राहिली. मास्तरांनी त्या जागेवर टेप लावली नाही, लावायची गरजही नव्हती.

 मावशींना सगळं एकदम उलगडलं. आंगठा रोज केसभर आखडत गेला. पाणी आंगठ्याला लागेपर्यंत भरायचं, म्हणून पाणी रोज केसभर वर गेलं. मासा तिकडे वाढत होता आणि त्याची हवा इकडे कमी होत होती. दर सकाळी, न चुकता, शिडीवर चढून, जगात सगळे मूर्ख असल्याबद्दल चरफडत, त्यांनी स्वतःच्या हाताने ती कमी केली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "मीच बुडवत होते त्याला."

मास्तर टेप गुंडाळत म्हणाले, "हात दुखतो म्हणून मला तरी सांगायचं होतंस."

मावशींना रडू आलं नाही. चीड आली, आणि या वेळी ती कुणावर काढावी हेही कळेना. डॉक्टरांवर काढलेली, झाकणावर काढलेली, त्या बिचाऱ्या बादल्यांवर काढलेली सगळी चीड माघारी येऊन त्यांच्याच गळ्यात पडली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मास्तरांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिडीवर चढल्याच नाहीत. खारेभाऊंना म्हणाल्या, तुमची पट्टी काढा आणि पाणी एकवीसवर आणा. खारेभाऊंनी कारण विचारलं नाही. नळी लावली, दोन बोटं म्हणता म्हणता बराच वेळ पाणी गेलं, आणि ती जुनी खालची रेघ पाण्याच्या काठाशी उघडी पडली. मग दोघं स्टुलं घेऊन काचेसमोर बसले.

ओंडका हलला नाही. अर्ध्या तासाने तो वर निघाला, निम्म्यात आला, थांबला आणि रोजच्यासारखा परत फिरला. मावशींनी कपाळाला हात लावला. पुन्हा निघाला, पुन्हा फिरला. इतका मंद मासा देवाने का घडवला, असं त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि लगेच गप्प बसल्या, कारण त्याला पट्टीची धास्ती लावली कुणी हे त्यांना ठाऊक होतं. बघायला येणारे येऊन गेले. प्लॅस्टिकचा आहे म्हणून गेले, गरम पाण्याचा विनोद करून गेले. दुपार कलायला आली तेव्हा तो तिसऱ्यांदा की चौथ्यांदा वर निघाला, निम्म्यात थांबला, आणि मग हळूहळू वरच गेला. तोंडाचं टोक पाण्याबाहेर आलं. कशाला लागलं नाही. त्याने हवेचा घोट घेतला, बुडबुडे सोडले आणि खाली येऊन आडवा झाला. थोड्या वेळाने तो पुन्हा वर गेला, या वेळी न थांबता.

मावशी उठल्या आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, परिमाण एकवीस सेंटिमीटर," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नऊ वर्षं मी हेच मागत होतो, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नऊ वर्षांचा वैताग होता. मावशींना त्यावर देण्याजोगी दहा उत्तरं येत होती. त्यांनी त्यांतलं एकही दिलं नाही. त्यांनी उजवा हात साहेबांच्या टेबलावर ठेवला, जितका पसरतो तितका पसरला, आणि सांगितलं.

"माझी वीत आखडली. मला कळलं नाही. तेव्हाच आकडा दिला असता तर त्याचं तोंड सोललं नसतं. ते माझ्याकडे लागलं, हवं तर तसं लिहा. पण रकाना आजच्या आज द्या."

साहेब म्हणाले, की तक्त्याचा नमुना वरून येतो, बदलायचा तर मंजुरी घ्यावी लागेल, पुढच्या बैठकीत नक्की घेतो. मावशी समोरच्या खुर्चीत बसल्या. नुसत्या बसून राहिल्या. साहेबांनी थोडा वेळ कागद इकडचे तिकडे केले. एकदा चहा घेणार का विचारलं. मावशी नको म्हणाल्या. शेवटी त्यांनी कपाटातून पुढच्या महिन्याचे तक्ते काढले, लाल पेन घेतलं आणि शेऱ्याच्या जागेतून एकेका तक्त्यावर पट्टीने उभी रेघ ओढायला लागले. तीस तक्त्यांवर तीस रेघा, आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर 'हवा (सें.मी.)'. मावशी शेवटची रेघ ओढून होईपर्यंत तिथेच होत्या.

निवृत्तीच्या दिवशी फुलं झाली, भाषणं झाली. साहेबांनी वीत हा शब्द सांभाळून टाळला. डॉक्टर म्हणाले, जखम भरत आली, औषधाचा गुण आला. मावशींनी त्यांना काही सांगितलं नाही, थकल्या होत्या. निघायच्या आधी त्या अॅप्रन न काढता विभागात गेल्या. खारेभाऊ टाकीपाशीच होते. मावशी शिडीच्या तीन पायऱ्या चढल्या, झाकण उघडलं, आणि हात आपोआप पुढे गेला. करंगळी पट्टीला टेकली. पंजा ताणला. आंगठा खाली गेला तो नुसता हवेत राहिला. पाणी त्याच्या खाली दोन बोटांवर होतं.

"एकवीस आहे, मावशी," खारेभाऊ म्हणाले.

"मला काय सांगता? रकान्यात लिहा," मावशी म्हणाल्या.

खाली ओंडका हलला आणि वर यायला लागला. त्याला जागा द्यायला त्यांनी हात काढून घेतला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने अॅप्रनला पुसला. हात कोरडाच होता.